दादांना न आठवलेले लग्न

बालाघाट जिल्ह्यातील आमच्या बिरसा गावी भाताची कापणी आटोपली, की घरोघर समाधान नांदते. परंतु एका वर्षी आमचे वडीलबंधू दादा खळ्याकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी अन्न टाकले, बोलणे टाकले. जानेवारीत धाकट्या लेकीचे ठरलेले लग्न झाले. तिचा हात धरून ते मुकाट्याने चर्चमध्ये गेले, इतकेच. औषधांनी गुण येईना, तेव्हा मार्चमध्ये नागपूरच्या एका डॉक्टरांनी विजेचा उपचार सुचविला. आमच्या काळजात धस्स झाले. हातपाय आवळून झटके देतात, असेच आम्ही ऐकत आलो होतो.

डॉक्टरांनी आमची भीती हसण्यावारी नेली नाही. १९३८ साली रोम येथे चेर्लेत्ती व बिनी यांनी हा उपचार प्रथम केला, तेव्हा भूल देत नसत. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल व स्नायू सैल करणारे औषध यांवाचून तो करण्यास भारतात मनाई आहे.

"भूल जितकी गाढ, तितकी बरी ना?" आम्ही भाबडेपणाने विचारले. भूलतज्ज्ञांनी मान हलविली. मेंदूत उठणारी आकडी हाच उपचाराचा गाभा. भूल फार गाढ झाली, तर आकडी नीट उठत नाही. मग वीज वाढवावी लागते, आणि वाढत्या विजेने स्मृतीला अधिक धक्का बसतो. केटामाइन या भुलीच्या औषधाने स्मृती राखली जाईल, अशी आशा होती. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीत ती फळास आली नाही. डोक्याच्या एकाच बाजूस वीज दिल्याने मात्र विस्मरण कमी होते.

दादा बरे झाले. भात मागून घेऊ लागले. काही आठवड्यांत नव्या गोष्टी त्यांच्या ध्यानात राहू लागल्या; परंतु लेकीचे लग्न काही केल्या आठवेना. असे होऊ शकते, हे डॉक्टरांनी आम्हांला आधीच सांगितले होते. दादा नकार देतील, या भीतीने आम्हीच ते त्यांच्यापाशी बोललो नाही. ही चूक आम्हांला आजही सलते.

वाचकहो, असा प्रसंग आला, तर उपचारास भिऊ नका; पण आजाऱ्यापासून काही लपवूही नका. अलीकडच्या गोष्टी वहीत टिपून ठेवा.

लेक माहेरी आली, की दादांजवळ बसून लग्नाची हकिगत सांगते. दादा लक्षपूर्वक ऐकतात, आणि हळूच विचारतात, "मी तुला आशीर्वाद दिला होता ना गं?"