नाइलाजाचा पुरावा

अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेला माणूस वर्षाहून जास्त काळ त्या देशाबाहेर राहिला, की नुसतं कार्ड दाखवून त्याला परत जाता येत नाही. मग कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली का असेना. त्याला ‘परतणारा रहिवासी’ म्हणून नव्याने व्हिसा मागावा लागतो. त्या व्हिशाचं नाव एसबी-१, त्यासाठी आधी भरायचा अर्ज डीएस-११७, आणि फी १८० डॉलर. अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण माझ्या बहिणीचे, आक्काचे कागद माझ्याकडे आले आणि जुनी खोड जागी झाली. फॉर्म दिसला की मी आधी अटी वाचतो.

अटी तीन. देश सोडताना तुम्ही तिथले कायम रहिवासी होता. निघताना परत येण्याचाच इरादा होता आणि तो तुम्ही कधी सोडला नाही. आणि मुक्काम लांबला तो तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने. पहिली अट कार्डानेच भागते. दुसरीला तिथलं बँकखातं, करविवरणं, परतीचं तिकीट असं काही ना काही जोडता येतं. आमचं गाडं अडलं तिसरीपाशी.

आक्काचा मुलगा अमेरिकेत एडिसनला असतो. तो तिथला नागरिक झाला आणि त्याने आईला कार्ड काढून दिलं. आक्का दिवाळीला नळदुर्गजवळच्या तिच्या गावी आली, ती सहा महिन्यांच्या आत परत जायचं ठरवूनच. तेवढ्यात तिच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. सोलापूरचा दवाखाना झाला, मग घरी खाट. नव्वदीची म्हातारी; आज जाईल, उद्या जाईल म्हणता म्हणता वर्ष उलटून गेलं आणि त्यानंतरही ती बरेच दिवस राहिली. तिचं सगळं उरकल्यावर भाच्याने फोनवरून अर्जाचा विषय काढला.

त्याने निवेदनाचा मसुदा पाठवला होता. पोरगं हुशार, मसुदा नेटका. त्यात एक वाक्य होतं : घरात आजीची देखभाल करणारं दुसरं कुणीही नव्हतं. मी ते आक्काला मराठीत सांगितलं, तशी ती ताडकन म्हणाली, “दुसरं कुणी नव्हतं? मग भावजी कोण? माझी जाऊ दिवसरात्र राबली ती कोण?”

“मामा, तिला सांग, तसं लिहावं लागतं,” भाचा म्हणाला. “नाइलाज होता हे दिसलं पाहिजे.”

“कशाचा नाइलाज? मला काय कुणी बांधून ठेवलं होतं? म्हातारी माझ्याच हातनं घास घ्यायची, म्हणून राहिले. माझ्या मनानं राहिले.”

झालं. अर्जाच्या दृष्टीने याहून वाईट उत्तर नाही. स्वतःच्या मनाने राहिली म्हणजे कारण हाताबाहेरचं नव्हतं. आणि हाताबाहेरचं होतं असं म्हणायचं, तर दीर-जावेला कागदावर निकामी ठरवायचं. तेही त्यांच्याच वाड्यात बसून, त्यांच्याच घरचा चहा पीत. कोविडच्या काळात अडकलेल्यांना हे संकट नव्हतं. २३ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, नियमित उड्डाणं सुरू झाली ती २७ मार्च २०२२ ला. मध्ये खास विमानं होती, पण वयस्कर माणसाला घरच्यांनी त्यात बसू दिलं नाही, हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटण्यासारखं. रद्द झालेलं तिकीट जोडता येतं. म्हातारी कुणाच्या हातचं खायची, याला जोडपत्र कुठून आणणार?

आता त्या कायद्यालाही नावं ठेवण्यात अर्थ नाही. कायमचं राहण्याची परवानगी आहे ती राहणाऱ्यासाठी. आपल्याकडचे कितीतरी आईवडील दरवर्षी जाऊन ‘हजेरी लावून’ येतात आणि कार्ड शाबूत राहिलं असं समजतात. ते तेवढं खरं नाही. १९७५ च्या एका निकालातली बाई वर्षातले अकरा महिने मायदेशी जमैकात राहून निवासगृह चालवायची आणि अमेरिकेत जेमतेम महिनाभर यायची. तिने रहिवास सोडल्याचंच तिथल्या न्यायमंडळाने ठरवलं. तिथे दिवस मोजतात, पण शेवटी तपासतात तो इरादा. माझी कुरकुर एवढीच, की इराद्याला एकच घर असतं असं धरून चालतात.

आमच्या जिल्ह्याला इराद्याची अशी चौकशी तशी नवी नाही. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि ज्याच्या नावाने जिल्हा २०२३ पर्यंत ओळखला जायचा, त्याच मीर उस्मान अली खानाच्या फर्मानाने १९१९ मध्ये मुल्की नियम आले. संस्थानात सरकारी नोकरी हवी तर माणूस मुल्की पाहिजे. जन्माने नसेल, तर किमान पंधरा वर्षांचा रहिवास, आणि त्यावर मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र : मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार मी सोडून दिला आहे. शंभर वर्षांपूर्वी माणसाने शपथेवर सांगायचं की मी परत जाणार नाही. आक्काने सांगायचं की मी परत जाणारच होते. सरकारं बदलली, शपथ उलटी झाली. मनातलं कागदावर मागायची रीत तीच राहिली.

बरं, आपलं अधिवास प्रमाणपत्रही पंधरा वर्षांच्या रहिवासावरच मिळतं. पण माझ्या नोकरीत मी कुणाला इरादा विचारला नाही. या जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर गावं सोडतात, पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या थळात पाच-सहा महिने कोपीत राहतात आणि हंगाम संपून पट्टा पडला की परततात. त्यांनी गाव सोडलं असं तलाठी म्हणत नाही, ग्रामपंचायत म्हणत नाही. मतदारयादीत नाव असतं, घराला कुलूप असतं, किल्ली शेजाऱ्याकडे. त्यांच्या पोरांच्या शाळेची जी परवड होते ती वेगळी, म्हणून या स्थलांतराचं कौतुक कुणी करू नये. पण सहा महिने नसलेला माणूस गावाचाच असतो, एवढं शहाणपण आमच्या दप्तराला होतं.

मी आक्काला दुसरा मसुदा करून दिला. खरा. सासू आजारी होती, सून तिच्याजवळ राहिली, दीर-जाऊही होते, डॉक्टरांची पत्रं सोबत. भाचा म्हणाला, “यावर व्हिसा मिळणं अवघड आहे.” मलाही तसंच वाटलं. आक्काने दोन्ही मसुदे बाजूला ठेवले आणि अर्ज करायचाच नाही असं सांगून टाकलं. आता कार्ड स्वखुशीने परत करण्याचा आय-४०७ हा फॉर्म भरायचा आणि नातवंडांना भेटायला साधा पर्यटक व्हिसा मागायचा, असं ठरलं आहे. तिने केलं ते बरोबर केलं असं माझं मत आहे, आणि भाच्याचं नाही. त्याला वाटतं, मामाने कागदाचा कीस पाडून आईला इथे अडकवलं. तसं काही नाही. एकवीस वर्षांवरच्या नागरिक मुलाला आईसाठी पुन्हा अर्ज करता येतो. त्या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. वेळ लागेल, पैसे लागतील, पण खोटं काही लिहावं लागणार नाही.

ज्यांच्या घरी इकडे कुणी थकलेलं आहे आणि तिकडे कार्ड आहे, त्यांना एकच सांगणं. मुक्काम लांबण्याची शंका असेल, तर निघण्याआधी पुनर्प्रवेश परवान्यासाठी आय-१३१ हा अर्ज करा. परवाना साधारण दोन वर्षांचा मिळतो. तो अर्ज तुम्ही स्वतः अमेरिकेत असतानाच भरावा लागतो, गावी येऊन भरता येत नाही.