कार्डाला हात लावू नकोस

सांगली, रविवार रात्री

चि. अनूस,


काल फोनवर तू रडत होतीस आणि मी एकच वाक्य घोकत होतो: कार्ड काढ आणि डबीत ठेवून दे. ठेवलंस ना? बाकीचं पत्रात लिहितोय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर निम्मं वाचून, अंगठा पाठवून तू मोकळी झाली असतीस.

माझ्या आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चारशे फोटो. पहिल्यांदा कार्ड लावलंस तेव्हा साठेक फोटो उतरले, त्यातले काही निम्मे राखाडी. दुसऱ्यांदा लावलंस तर संगणक विचारतो, फॉरमॅट करू का? तू 'नाही' म्हणालीस, शाबास. पण घाबरून 'हो' दाबलं असतंस तरी एवढ्यात सगळं संपलं नसतं. तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा जळाला म्हणून शेत कुठं जात नाही. कार्डावरही कोणता फोटो कुठून कुठवर आहे याची नोंद वेगळ्या जागी असते. घाईचं फॉरमॅट बहुधा ती नोंदच कोरी करतं, फोटो आपल्या जागी पडून राहतात. खरा धोका त्या जमिनीत दुसऱ्यानं नांगर घालण्याचा. आणि तो तू घातलास! 'कार्ड एरर' आल्यावर कॅमेरा बंद-चालू करून 'चालतोय का बघू' म्हणून चार फोटो काढलेस. ते आईच्या कुठल्या फोटोंवर बसलेत ते कार्ड उघडल्यावरच कळेल. रागावत नाही. मीही हेच केलं होतं, तुझ्याहून दहा वर्षांनी मोठा असताना.

तू पाठवलेला तो ओवाळण्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. वर आईचा चेहरा, समोर दिव्यांचं ताट, सगळं स्वच्छ. तिच्या हातापासून खाली एकदम गुलाबी झाक, चित्र डावीकडे सरकलेलं, आणि शेवटी राखाडी पट्टा. हे का होतं ते समजून घे, म्हणजे भीती कमी होईल. जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करतं आणि वरून खाली ओळीनं लिहून ठेवतं. प्रत्येक चौकोनाचा उजेड-रंग पुरता लिहीत नाही, मागच्यापेक्षा किती कमी, किती जास्त, एवढंच लिहितं. वाण्याच्या उधारीच्या वहीत मागील बाकी पुढं ओढतात ना, तसं. मध्येच एक आकडा चुकला की तिथून खालच्या सगळ्या बाक्या चुकतात. गुलाबी झाक म्हणजे हिशोब चुकलाय. राखाडी म्हणजे पुढची पानंच हाती आली नाहीत. दोन्हींत वरचा भाग मात्र खरा असतो. आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो धड दिसला म्हणून हुरळू नकोस. फाइलच्या पोटात एक चिमुकली प्रत वेगळी असते, कॅमेरा आधी तीच दाखवतो.

तू जेपेगबरोबर रॉही काढतेस हे बरं आहे. रॉच्या पोटातली जेपेग प्रत तेवढी चिमुकली नसते, बऱ्याच कॅमेऱ्यांत ती चांगली मोठी असते. रॉ उघडली नाही तरी कधी कधी ती सुटी काढता येते. अल्बमला पुरते.

आता दोष कुणाचा? सगळे कार्डाला शिव्या देतात. माझ्या दुकानात एका उन्हाळ्यात मी चार कार्डं 'गेली' म्हणून फेकली. पाचव्या वेळी तोच फोटो दोनदा उतरवून पाहिला, तर दोन्ही प्रती वेगवेगळ्या जागी फाटलेल्या! कार्डावरच बिघाड असता तर सहसा दोन्ही वेळा एकाच जागी दिसला असता. गुन्हेगार होता दीडशे रुपयांचा कार्ड रीडर. तुझ्या साठ फोटोंचंही मी आधी हेच तपासणार.

मात्र २०१२ साली कार्डच लबाड निघालं होतं. तू लहान होतीस, घरात काय वातावरण होतं ते मामीला विचार. बाजारात निम्म्या भावात मिळालं म्हणून बत्तीस जीबीचं कार्ड घेतलं आणि लग्नाला नेलं. सीमांतपूजन आलं, हळद आली, गौरीहर आला. मंगलाष्टकांपासून पुढं काही नाही. फाइलींची नावं होती, आकार बरोबर, आत शून्य. आतली चिप आठ जीबीची, पण तिच्या कंट्रोलरला 'मी बत्तीस' असं बोलायला शिकवलेलं. जागा संपल्यावर कॅमेरा लिहीत राहिला, कार्ड हो-हो म्हणत राहिलं. फोटो काढल्याबरोबर पडद्यावर दिसतो तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या स्मृतीतून, कार्डावरून वाचलेला नसतो, म्हणून मला पत्ता लागला नाही. मुलीचे वडील भांडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ''मग कन्यादान कुठंच नाही का?'' मी सगळे पैसे परत केले. त्या घरच्या कार्याला नंतर मला बोलावणं आलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हापासून नवं कार्ड आलं की आधी ते काठोकाठ भरून परत वाचून बघतो. विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू', लिनक्सवर 'एफथ्री'. दोन्ही फुकट. मोठ्या कार्डाला दोन-तीन तास लागतात, लागू देत.

तुझा तो मित्र 'चेकडिस्क मारून देतो' म्हणतोय त्याला नम्रपणे चहा पाज आणि घरी पाठव. ते कार्डावरच दुरुस्ती लिहितं, फोटोंचे तुकडे 'सीएचके' नावाच्या फाइलींत कोंबतं. वाईट हेतू नसतो, पण जखमेवर आधी रांगोळी काढण्यातला प्रकार. मी आधी 'डीडीरेस्क्यू'नं कार्डाची जशीच्या तशी प्रत काढीन, मग कार्ड बाजूला ठेवून त्या प्रतीवर 'फोटोरेक' चालवीन. क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं हे फुकटचं साधन नोंदवहीकडं बघतच नाही. प्रत्येक जेपेगच्या तोंडाशी 'एफएफ-डी८-एफएफ' ही खूण असते, ती हुडकत सरळ जमिनीवरून चालत जातं. नावं मिळत नाहीत, फोटो मिळतात. फोटो एकसंध, सलग जागेत असेल तर अख्खा मिळतो. म्हणून तर सांगतो, कॅमेऱ्यातच बसून एकेक फोटो उडवायची सवय सोड. मधल्या भोकांत पुढचे फोटो तुकड्यांनी भरले जातात आणि मग ते जुळवताना माझ्यासारख्याच्या नाकी नऊ येतात.

तुझ्या कॅमेऱ्याला कार्डाचे दोन खण आहेत. दुसरा वर्षभर रिकामा का आहे, हे समोर आल्यावर विचारणार आहे.

गुरुवारी दुकान दिवसभर उघडं आहे. कार्ड कुरियरनं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. तोच रीडर, तीच केबल आण, आणि उतरलेले साठ फोटो आहेत तसेच पेनड्राइव्हवर. ताईला सांग, जेवायला आमच्याकडं.

आईला मी काही बोललेलो नाही. तिला फोटो मोबाइलवर दिसत नाहीत, अल्बम लागतो, आणि अल्बम यायला पंधरा दिवस लागतात हे तिला माहीत आहे.

तुझा
मामा