एक न शोभणारी आवड

विद्वत्तेच्या व्यवसायांत पडलेल्या माणसाला आवडी असाव्यात, पण त्या त्याला शोभतील अशा असाव्यात, असा आमच्या सुशिक्षित समाजाचा एक अलिखित दंडक आहे. पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकानें नाट्यसंगीतावर जीव टाकावा, ऐकलेल्या मैफलींच्या आठवणी सांगाव्यात, फार तर जुन्या हिंदी चित्रपटांतील गाणीं गुणगुणावीं. तेथवर कोणाची हरकत नसते. परंतु रात्रीं जेवणें आटोपल्यावर आपण १९९५ सालच्या पॉप गाण्यांचे व्हिडिओ पाहत बसतों असें जर त्यानें सांगितलें, तर ऐकणाऱ्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो आम्हांस चांगला परिचयाचा आहे. आजाऱ्याच्या समाचारास आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तोच भाव असतो.

तथापि ही आवड आम्हांस आहे, आणि ती झांकून ठेवण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं.

या कलाप्रकाराला मराठींत अद्याप धड नांव नाहीं. ‘ध्वनिचित्रफीत’ हा शब्द सरकारी कागदावर शोभतो. दिवा मालवून गाणें ऐकावयास बसलेल्या माणसाच्या तोंडीं तो येत नाहीं. म्हणून आम्ही आपला सर्वांच्या ओळखीचा ‘व्हिडिओ’ हाच शब्द वापरतों. नांव नसलें तरी याचें कुळ मात्र जुनें आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. आपलें भावगीत त्याच मापांत वाढलें. १९४० सालीं अमेरिकेंत ‘साउंडी’ नांवाच्या तेवढ्याच लांबीच्या बोलक्या फिती निघाल्या. उपाहारगृहांतील यंत्रांत दहा सेंटांचें नाणें टाकलें कीं पडद्यावर गाणारा गाऊं लागे. मात्र कोणतें गाणें लागावें हें नाणें टाकणाऱ्याच्या हातीं नसे. पुढें १९७५ सालीं ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदानें ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्यासाठीं केवळ कांहीं तासांत एक चित्रफीत घेतली, आणि गाण्याबरोबर चित्रही हवें ही गोष्ट रूढ होऊं लागली. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फरोख बल्सारा, पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला पारशी मुलगा. दादरची पारशी कॉलनी आमच्या नायगांवापासून हांकेच्या अंतरावर असल्यामुळें या गोष्टीचा आम्हांस उगाचच शेजारधर्माचा अभिमान वाटतो! १ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, आणि या प्रकाराला स्वतःचें घर मिळालें.

आमच्यापर्यंत हें सारें मोठ्या संथपणें पोंचलें. नायगांवच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकांतल्या. चाळी बेचाळीस, प्रत्येकीस तळमजल्यावर तीन मजले, आणि खोली सुमारें १६० चौरस फुटांची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तरी पुष्कळ वर्षें मजल्यावर एखाद्याच खोलींत संच असे. ‘छायागीता’च्या वेळीं त्या खोलींत माणसें मावत नसत आणि दारांत चपला मावत नसत. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्याच वर्षीं दूरदर्शनला रंग आले. ज्यांच्या घरचा पगार थांबला होता तीं माणसें शेजाऱ्याच्या संचावर रंगीत गाणीं पाहत, आणि घरीं जाऊन उद्यांच्या रेशनचा हिशेब मांडीत. गाणीं पाहण्यावर चैनीचा आरोप करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, तीं पाहणारे सर्वच चैनींत नव्हते.

१९९१ नंतर केबलची काळी तार गच्चीवरून गॅलरींत आणि गॅलरींतून घरोघर उतरली. १९९४ सालीं चॅनल व्ही आली, १९९६ सालीं एमटीव्हीची भारतीय वाहिनी आली, आणि त्या सुमारास आमच्या आवडीला खरा बहर आला. १९९५ सालीं अलिशा चिनॉय यांचें ‘मेड इन इंडिया’ निघालें. संगीत बिड्डू यांचें, दिग्दर्शन केन घोष यांचें, आणि गाणाऱ्या राणीच्या मनास येणारा तरुण मिलिंद सोमण. एवढ्या थाटाच्या स्वयंवरांत अखेर सोमण आडनांवाचा वर पसंत पडला, याचेंच आमच्या चाळींतील वडीलधाऱ्यांना कौतुक! पुढल्याच वर्षीं लकी अली यांचें ‘ओ सनम’ आलें. महेश मथाई यांनीं तें इजिप्तांत चित्रित केलें होतें. १६० चौरस फुटांत मांडी घालून आम्हीं पिरॅमिड पाहिले. दलेर मेहंदी यांचीं गाणीं व्हिडिओंतील सुंदर मुलींच्या जोरावर चालतात असा टीकाकारांचा आक्षेप होता म्हणे. १९९८ सालच्या ‘तुनक तुनक तुन’मध्यें त्यांनीं मुलींना रजाच दिली, आणि संगणकाच्या साहाय्यानें स्वतःच चार रूपें घेऊन नाचले. टीकेला इतकें प्रसन्न उत्तर आमच्या साहित्यिकांनीं क्वचितच दिलें असेल. २००२ सालीं अवधूत गुप्ते यांच्या संगीतांत वैशाली सामंत यांनीं गायिलेलें ‘ऐका दाजिबा’ हिंदी-इंग्रजी वाहिन्यांवर मराठी शब्द घेऊन गेलें, तेव्हां तर मजल्यावर एखादें लग्न ठरल्यासारखा आनंद झाला होता.

या फितींत आम्हांस काय आवडतें तें थोडक्यांत सांगतों. चित्रपटांतील गाणें एकत्र कुटुंबांतल्या सुनेसारखें असतें. कथानकाचा सासुरवास त्याला चुकत नाहीं. नायक कां रडतो, नायिका कां रुसली, हें सर्व सांभाळून त्यानें गावयाचें असतें. व्हिडिओचें गाणें वेगळें बिऱ्हाड करून राहतें. त्याला मागची कथा नाहीं आणि पुढचा शेवटही नाहीं. चार मिनिटांत एक मुद्रा, एक रस्ता, एक पाऊस दाखवावा आणि निघून जावें. चांगली भावकविता याहून निराळें काय करते? पुष्कळशा फिती सुमार होत्या, कांहींत स्त्रीला केवळ शोभेची वस्तु करून ठेविलें होतें, आणि पुढें जुन्या गाण्यांना नवे ठेके जोडण्याची जी लाट आली तिनें तर पुष्कळांना वीट आणला. हें सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु सुमार कवितांमुळें कोणी कविता वाचणें सोडीत नाहीं.

आमचे एक सहकारी मात्र याहून खोल घाव घालतात. ते म्हणतात, ‘तुमचें प्रेम गाण्यांवर नाहीं, स्वतःच्या तारुण्यावर आहे.’ हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ऐन पंचविशींत ऐकलेल्या सुरांना पंचविशीचा वास लागतोच. बालगंधर्वांच्या आठवणीनें डोळे पुसणारे आजोबा याच न्यायानें आपल्याच तारुण्यासाठीं रडत असत. पण मग कसोटी कोणती लावावी? आम्हांस वाटतें, त्या वस्तूनें आपल्यावांचून दुसऱ्या कोणाला, करमणुकीपलीकडे, कांहीं दिलें काय, एवढेंच विचारावें.

या प्रश्नाला आमच्यापुरतें उत्तर एका बाईंनीं दिलें आहे. २००० सालीं शुभा मुद्गल यांनीं गायिलेलें ‘मन के मंजीरे’ आलें. शब्द प्रसून जोशी यांचे, संगीत शंतनु मोइत्रा यांचें. आणि स्त्रियांवरील घरांतल्या मारहाणीविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेनें तें काढलेलें. जाचाचें घर सोडून मुलीसह बाहेर पडलेल्या आणि ट्रक चालविणाऱ्या स्त्रीची भूमिका त्यांत मीता वशिष्ठ यांनीं केली आहे. आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलींत राहणाऱ्या बाई तें गाणें लागलें कीं लाटणें ठेवून आमच्या दारांत येऊन उभ्या राहत. ‘आंत या’ म्हटलें तरी येत नसत. गाणें संपलें कीं न बोलतां निघून जात. त्यांच्या घरांत काय चालतें हें मजल्याला ठाऊक होतें. चाळीच्या भिंती कांहीं लपवीत नाहींत.

त्या बाई पुढें ट्रक चालवूं लागल्या काय, असें वाचक विचारतील. नाहीं. त्यांनीं डबे करून देण्याच्या पैशांतून पोस्टांत स्वतःच्या नांवें खातें उघडलें, आणि मुलगी बारावी झाली त्या वर्षीं तिला घेऊन त्या अंबरनाथला बहिणीकडे राहावयास गेल्या. कांहीं वर्षांमागें दादर स्टेशनच्या पुलावर भेटल्या, तेव्हां त्यांनीं आपण होऊन त्या गाण्याचा विषय काढला. म्हणाल्या, ‘सर, तिचे हात स्टिअरिंगवर असायचे ना, मी तेवढेच बघायची.’ गाण्यानें त्यांना घराबाहेर काढलें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांना बाहेर काढलें तें त्यांच्या कष्टांनीं. पण त्या फितीच्या चालीवर आणि छायाचित्रणावर आम्ही तासभर बोलूं शकतों, आणि तिच्यावरील सर्वांत नेमकी टीका आम्हीं ऐकली ती त्या गर्दीच्या पुलावर.

आतां हीं गाणीं पाहावयास कोणाच्या दारांत उभें राहावें लागत नाहीं. चॅनल व्ही २०१८ सालीं बंद झाली. नायगांवच्या चाळींच्या जागीं ५०० चौरस फुटांच्या घरांचे मनोरे उभारण्याचें काम म्हाडानें हातीं घेतलें आहे. मोठ्या घराविषयीं आमची तक्रार नाहीं. सामाईक संडासापुढें रांग लावलेल्या माणसानें चाळीच्या विरहगीतांत भाग घेऊं नये. मात्र त्या गाण्यांचें पुढें काय, हा प्रश्न उरतो. जुन्या मासिकांचे अंक पाहावयाचे तर आमच्या नायगांवांतच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि चित्रपटांसाठीं पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय संग्रहालय निघालें. व्हिडिओंचा सांभाळ मुख्यतः आमच्यासारख्या हौशी माणसांनींच केला. आज इंटरनेटवर जे जुने व्हिडिओ सांपडतात त्यांपैकीं पुष्कळांच्या कोंपऱ्यांत वाहिनीचें चिन्ह दिसतें, चित्र थरथरतें. कोणीतरी आपल्या घरीं टेपवर उतरवून घेतलेलें तें गाणें आहे हें लगेच कळतें. त्या अनामिक माणसास आम्ही मनोमन नमस्कार करतों.

टेप कांहीं अमर नसते. मुंबईच्या दमट हवेंत तिच्यावर पांढरी बुरशी धरते, आणि ती चालविणारें यंत्र बनविणारी अखेरची जपानी कंपनी २०१६ सालीं थांबली. आमच्या कपाटांतील टेप आम्ही दर रविवारीं एकेक याप्रमाणें संगणकावर उतरवून घेत आहों; ‘मन के मंजीरे’ची सर्वांत आधीं घेतली. वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर अशी एखादी टेप पडली असेल, तर ती त्यांस शोभो वा न शोभो, पुढच्या पावसाळ्यापूर्वीं खालीं काढावी, एवढीच विनंति.