काचेवरील धुके

ठाणे स्थानकावरील ‘थुंकू नका’ ही पाटी वाचीतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे दिवाळीच्या सुटीत मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्यानजीक बुडी मारण्यापूर्वी पाणबुडे काका म्हणाले, "मुखवट्याच्या काचेस आतून थुंकी चोळा, मग समुद्राच्या पाण्याने विसळा," तेव्हा आम्हांस किळस आली. आम्ही ऐकिले नाही. पाण्यात शिरताच मुखवट्यातील उष्ण बाष्प गार काचेवर सूक्ष्म थेंबांच्या रूपाने जमले. मासे व प्रवाळ दिसेनासे झाले. घाबरून आम्ही वर आलो. दुसऱ्या खेपेस निमूटपणे सांगितल्याप्रमाणे केले. थुंकीच्या योगाने थेंब न बनता पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो व काच निर्मळ राहते. घनीभवनाची व्याख्या आम्हांस मुखोद्गत होती. तिचा उपयोग मात्र त्या दर्यावर्दी गृहस्थांनी शिकविला. जाणत्याचे सांगणे आधी ऐकावे, किळस मागाहून करावी!