बिनबर्फाचं गुलमर्ग

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही दोघं काश्मीरला जाऊन आलो. आखाडा बाळापूरला परतल्यावर जो भेटेल तो एकच विचारायचा, "बर्फ बघितला का?" आम्ही "नाही" म्हणायचो. समोरचा हळहळायचा आणि विषय तिथंच संपायचा. जे त्या वेळी सांगायचं राहून गेलं, ते इथं सांगतो.

आम्ही दोघंही बी.एड. झालेले, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारे. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढली. मग घर, मग धाकट्या बहिणीचं लग्न. फिरायला म्हणून आम्ही कधी कुठं गेलोच नव्हतो. भिशी लागली तेव्हा ठरवलं, गुलमर्गच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात दोन रात्री राहायचं. अम्मी म्हणाल्या, "एवढ्यात वरच्या खोलीचा स्लॅब पडला असता." आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वर्गातल्या मुलांना मात्र कबूल करून गेलो की बर्फाचे फोटो आणू. आमच्या मुलांनी बर्फ पाहिला तो रसवंतीवर, भुशात गुंडाळलेला.

नांदेडहून रेल्वेनं जम्मू, तिथून रस्त्यानं श्रीनगर आणि पुढं पन्नासेक किलोमीटरवर गुलमर्ग. उंची सुमारे २,६५० मीटर. इंग्रजांनी १९२७ मध्ये इथं स्कीइंगचा क्लब काढला. १९९८ मध्ये गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारे पाळणे, पहिल्या टप्प्यापर्यंत सुरू झाले आणि २००५ मध्ये ते अफरवत डोंगरावर ३,९०० मीटरच्याही वर पोचले. देशोदेशीचे लोक इथं बर्फावरून घसरायला येतात, आणि त्यांच्यासाठी उंची हॉटेलं उभी राहिली आहेत. जानेवारीत इथं पुरुषभर बर्फ असतो असं आम्ही ऐकून होतो.

टांगमर्ग सोडून घाट चढू लागलो तरी झाडांखाली पांढरं काही दिसेना. वर पोचलो तर सगळं मैदान उन्हाळ्यातल्या आपल्या माळासारखं पिवळं पडलेलं.

हॉटेलात कशाची म्हणून कमी नव्हती. नक्षीचं लाकडी छत, पाऊल रुतेल असा गालिचा, आल्याबरोबर हातात केशर-बदाम घातलेला कहवा. खोली उबदार. खिडकी भिंतभर मोठी, आणि त्या खिडकीत वाळलेलं गवत. खाली स्कीच्या फळ्या ओळीनं उभ्या, सगळ्या कोरड्या. दारापाशी स्लेज ओढणारी माणसं फिरनमध्ये कांगडी धरून बसलेली. त्या रात्री आम्ही कागदावर हिशोब मांडला. सकाळी काउंटरवर जाऊन विचारलंसुद्धा, "बर्फ नाही, तर बिलात काही सवलत?" तिथल्या माणसानं अदबीनं नाही म्हटलं. आम्ही चिडून खोलीत आलो.

दुसऱ्या रात्री जेवणात वाजवान होतं. काश्मिरी लग्नात एका त्रामीभोवती, म्हणजे मोठ्या ताटाभोवती, चार जण बसून जेवतात. त्याआधी हात धुवायला तश्त-नारी फिरवतात, आपल्याकडं सिलफची-लोटा फिरवायचे तशीच. हॉटेलात प्रत्येकाला वेगळी ताटली होती. रिस्ता, तबकमाज, रोगनजोश आणि शेवटी दह्याच्या रश्श्यातला गुश्ताबा. वाढणारा मुलगा पंचविशीचा असेल.

शेजारच्या टेबलावर पुण्याकडचं एक मराठी कुटुंब होतं. त्यातले गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "पैसे घेताना यांना बरोबर कळतं. बर्फ नाही हे आधी सांगायला काय झालं होतं? हे लोक असेच."

आमचा घास हातातच राहिला. 'हे लोक' म्हणजे कोण? हॉटेलवाले, काश्मिरी, की आम्हीसुद्धा? त्या मुलाला मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळला. त्यानं आम्हाला हळूच विचारलं, "साहब क्या फरमा रहे हैं?"

आम्ही म्हणालो, "बर्फ नहीं गिरी, इसका अफसोस कर रहे हैं."

अर्धं खरं बोललो. पुरं सांगायची हिंमत झाली नाही, आणि त्या गृहस्थांना काही म्हणायचा हक्कही वाटला नाही. सकाळी काउंटरवर आम्ही तरी काय वेगळं बोललो होतो? फक्त 'हे लोक' म्हटलं नव्हतं.

तो मुलगा म्हणाला, "अफसोस तो हमें भी है, सर." मग वाढता वाढता त्यानं सांगितलं. टांगमर्गच्या खाली त्याच्या अब्बांची भातशेती आहे. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्ला-ए-कलां. या थंडीत पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उन्हाळाभर हळूहळू वितळत शेतांना पुरतो. नंतर पडणारा लवकर वाहून जातो. निम्म्याहून जास्त चिल्ला कोरडा गेला होता. त्याच्या गावात लोकांनी नमाज-ए-इस्तिस्का पढली होती.

पाच महिन्यांपूर्वी आम्हीही ईदगाहवर तीच नमाज पढलो होतो, पावसासाठी, हात उलटे करून. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडचं सोयाबीन फुलोऱ्यातच करपलं. हिमालयातला बर्फ म्हणजे साठवलेलं पाणी, हे आम्ही दर वर्षी भूगोलाच्या तासाला फळ्यावर लिहितो. तरी त्या खिडकीतून आम्हाला दिसले ते फक्त आमचे बुडालेले पैसे. दुष्काळी मुलखातली माणसं आम्ही, आणि दुसऱ्याचा दुष्काळ ओळखता आला नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. नाश्त्याला आलो तर त्या कुटुंबातल्या आजी डबा घेऊन टेबलाटेबलावर फिरत होत्या. आमच्यापाशी येऊन अडखळल्या, हिंदीत काहीतरी जुळवू लागल्या. आम्ही हात पुढं करून म्हणालो, "द्या आजी. तिळगूळ घ्या, गोड बोला."

"अगंबाई, तुम्ही आपल्याकडचे?"

"आखाडा बाळापूरचे. हिंगोली जिल्हा."

गृहस्थांनी मान वर केली, आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा चहाच्या कपात घातली. आजींना रात्रीचं लक्षात होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी त्या वाढणाऱ्या मुलाला बोलावून त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले. तो आमच्याकडं बघू लागला. या वेळी आम्ही पुरता अर्थ सांगितला.

जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत गुलमर्गला बर्फ पडला. बर्फ नाही म्हणून पुढं ढकललेले खेलो इंडियाचे हिवाळी खेळही २१ फेब्रुवारीला तिथं सुरू झाले. त्या मुलानं मोबाईलवर फोटो पाठवला, आमच्याच खोलीच्या खिडकीतून काढलेला. सगळं पांढरं. तो आम्ही वर्गात दाखवला आणि मुलांना खरं ते सांगितलं, की आम्ही होतो तेव्हा हे नव्हतं.

घरी अम्मींनाही दाखवला. त्यांनी विचारलं, "तुमचे पैसे तर गेलेच ना?"

"गेले. पण त्यांच्या शेताला आता पाणी मिळेल."

अम्मींनी फोटो जवळ धरून पुन्हा एकदा पाहिला. म्हणाल्या, "मग झालं तर."