तीन ग्रॅमचा पाहुणा

न्यू जर्सीतील एडिसन हे गाव पुण्या-मुंबईच्या अनेक ज्येष्ठांना आता परके राहिलेले नाही. मुलांकडे पाच-सहा महिने राहायला निघालेले आई-वडील औषधांची यादी लिहून घेण्यासाठी माझ्या दवाखान्यात येतात. रक्तदाब, साखर, गुडघे यांविषयी ते विचारतात. परंतु तेथे पोहोचल्यावर अधिक जड जाते ती दुपार. मुले कामावर, नातवंडे शाळेत आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मे महिन्यातील माझ्या मुक्कामात ही रिकामी दुपार एका खऱ्याखुऱ्या पाखराने भरून निघताना मी पाहिली.

ते पाखरू म्हणजे रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. आपल्याकडे शिंजिराला कौतुकाने हमिंगबर्ड म्हणतात खरे, पण हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांतच आढळतात. शिंजीर बहुधा डहाळीला धरून मध पितो. हा पक्षी हवेत एका जागी स्थिर राहून पितो आणि उलटाही उडतो. वजन सरासरी ३ ग्रॅम, पंखांची फडफड सेकंदाला पन्नासच्या आसपास. हिवाळा मेक्सिको व मध्य अमेरिकेत काढून, त्यांतील अनेक पक्षी मेक्सिकोच्या आखातावरील सुमारे ८०० किलोमीटरचे अंतर न थांबता पार करून, एप्रिलच्या अखेरीस न्यू जर्सीत येतात व सप्टेंबरात परत फिरतात. आपल्या ज्येष्ठांच्या मुक्कामाचे वेळापत्रकही पुष्कळदा असेच असते.

त्याला अंगणात बोलवायचे, तर तेथील थंडी सोसणारी झाडे हवीत. अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीनुसार देशाचे १३ विभाग पाडले आहेत. न्यू जर्सीचा बहुतेक भाग ६ व ७ या विभागांत येतो. सहाव्या विभागात हिवाळ्याचा सरासरी नीचांक उणे २३ ते उणे १८ अंश सेल्सिअस असतो. रोपाच्या चिठ्ठीवर तो कोणत्या विभागापासून तग धरतो, हे छापलेले असते. तो आकडा आपल्या विभागाइतका किंवा त्याहून कमी असावा. कुंडीतील मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गारठतात. म्हणून वाकता येत नसल्याने उंचावर कुंड्या ठेवणाऱ्यांनी आकडा आणखी दोनने कमी असलेले रोप निवडावे.

चार झाडे पुरेशी आहेत. पक्षी येतो तेव्हा लाल-पिवळी रानटी कोलंबाइन फुललेली असते. त्यानंतर कोरल हनीसकलचा वेल बहरतो. मात्र तो जपानी हनीसकल नसावा, कारण ते तेथे रानोमाळ माजणारे तण आहे. भर उन्हाळ्यात लाल बी बाम फुलते. ते आपल्या तुळशीच्याच कुळातले असून त्याची पाने चुरगळली की सुगंध येतो. शेवटी, ओलसर माती आवडणारे कार्डिनल फ्लॉवर सप्टेंबरपर्यंत साथ देते. कोलंबाइन व कार्डिनल फ्लॉवर तिसऱ्या विभागातही टिकतात, तर उरलेली दोन चौथ्या विभागात.

वैद्यकीय दृष्टीने काही गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. फॉक्सग्लोव्हवरही हमिंगबर्ड येतो आणि रोपवाटिकेत ते सहज मिळते. परंतु ते डिजिटॅलिसचे झाड आहे. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली ज्याचा औषधी उपयोग नोंदवला, तेच हे. त्याचे पान पोटात गेल्यास हृदयाची लय बिघडते. घरात लहान मूल असेल किंवा कोणा वृद्धास विस्मरणाचा विकार असेल, तर ते लावू नये. कार्डिनल फ्लॉवर व हनीसकलची फळेही खाण्याची नव्हेत. न्यू जर्सीत गोचिडीपासून होणारा लाइम रोग आढळतो. बागेतून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत पाहावे. चावल्यानंतर चट्टा पसरू लागला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे. पाण्याची नळी वाटेत पसरलेली ठेवू नये. पडून मोडलेले खुब्याचे हाड परदेशात फार महाग पडते.

साखरपाणी ठेवायचे असल्यास एक भाग पांढरी साखर व चार भाग पाणी घ्यावे. त्यात रंग किंवा मध घालू नये. उन्हाळ्यात ते दोन दिवसांनी बदलावे व भांडे धुवावे. काचेवर जोरात आपटून पक्षी दगावू नये म्हणून हे भांडे खिडकीपासून हात-दीड हाताच्या आत टांगावे. अंथरुणाला खिळलेल्यांनाही ते पडल्या पडल्या दिसते.

ही झाडे हिवाळ्यात सुकून गेल्यासारखी दिसतात, पण मुळांशी जीव धरून असतात. कोलंबाइन वसंतात पुन्हा फुटते, तेव्हा ती लावणारी आजी कदाचित कोथरूडच्या आपल्या घरी असेल. मुलांनी पहिल्या फुलाचे छायाचित्र तिला अवश्य पाठवावे आणि पाहुणा आला का, हेही कळवावे.