पडदा, किल्ली आणि हात

कार्यालयीन संगणकांच्या सुरक्षेत माहितीच्या गुप्ततेला पहिला मान असतो. कारखाना, वीज उपकेंद्र किंवा मोठ्या इमारतीची वातानुकूलन यंत्रणा सांभाळणाऱ्याला मात्र हा क्रम उलटा लावावा लागतो, कारण तेथे भलत्या वेळी झडप उघडली तर माणसे दगावू शकतात. पीएलसी, म्हणजे दाब, तापमान वा पातळी मोजून त्यानुसार झडपा आणि मोटारी चालवणारा औद्योगिक संगणक, आणि स्काडा, म्हणजे दूरवर विखुरलेल्या अशा यंत्रांवर एका पडद्यावरून देखरेख ठेवणारी व्यवस्था, यांची घडण परस्परविश्वासाच्या काळातली आहे. १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने आणलेली आणि आजही सर्रास वापरली जाणारी मॉडबस ही संदेशपद्धती तिच्या मूळ रूपात आज्ञा देणाऱ्याची ओळखही विचारत नाही.

२३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीज वितरण कंपन्यांना या विश्वासाची किंमत मोजावी लागली. ई-मेलमधून काही महिने आधीच शिरलेल्या हल्लेखोरांनी त्या दिवशी दुरून उपकेंद्रांचे ब्रेकर, म्हणजे वीजप्रवाह तोडणारी-जोडणारी उपकरणे, उघडले, कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरत राहिला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. उपकेंद्राशी संपर्क जोडणाऱ्या उपकरणांतील मूळ प्रणालीही त्यांनी बिघडवून ठेवली होती, त्यामुळे ब्रेकर दुरून पुन्हा जोडण्याचा मार्ग उरला नाही. तरीही काही तासांतच वीज परतली, कारण कर्मचारी प्रत्यक्ष उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने जोडले. ज्या जुनाट यंत्रणेला एरवी नावे ठेवली जातात, तिचाच हा उपकार म्हणायचा.

सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन प्रकल्पात २०१७ साली उघडकीस आलेला ट्रायटन हा हल्ला याहून भयंकर होता, कारण त्याचे लक्ष्य होते सुरक्षा नियंत्रक, म्हणजे प्रक्रिया हाताबाहेर जाताच सारा प्रकल्प सुरक्षितपणे थांबवणारे स्वतंत्र यंत्र. त्यावर बदलाची परवानगी देणारी किंवा रोखणारी साधी किल्ली असते. ती ‘प्रोग्रॅम’ स्थितीत राहिली होती आणि हल्लेखोरांना तेवढे पुरले. प्रकल्प आपोआप बंद पडला म्हणून हा प्रकार उजेडात आला. किल्ली ‘रन’ स्थितीत फिरवून काढून ठेवायला पैसा लागत नाही, पण प्रत्येक बदलासाठी पॅनेलपर्यंत चालत जावे लागते, आणि तो कंटाळा बहुतेक ठिकाणी जिंकतो.

फायरवॉल आणि जाळ्यांची विभागणी यांना पर्याय नाही. परंतु अखंड चालणाऱ्या प्रकल्पात सॉफ्टवेअरची दुरुस्तीसुद्धा अनेकदा पुढच्या नियोजित शटडाउनची वाट पाहत राहते, आणि तोवरचा भरवसा किल्लीवर व हाताने यंत्र चालवू शकणाऱ्या माणसांवरच असतो. अशी माणसे निवृत्त होण्याआधी, प्रत्येक प्रकल्पप्रमुखाने पडदे बंद ठेवून यंत्रणा चालवण्याच्या सरावाला शटडाउनच्या वेळापत्रकात जागा द्यावी.